सोबत्याचं रक्त

४ जून

चि. शेंडेफळ,

दादाचे आशीर्वाद. पाकीट बघून चपापू नकोस, बाळ आता बरा श्वास घेतोय. फोनवर तू भराभर सांगतेस, मी "कळलं, कळलं" म्हणतो आणि फोन ठेवल्यावर तुझ्या वहिनीनं "काय म्हणाली?" विचारलं की माझ्याकडे सांगायला काही नसतं. म्हणून कागद घेतला. तूही कागदावरच लिही. कागद चार वेळा वाचता येतो.

तुझ्या भाचीचं बाळ परवा नऊ महिन्यांचं झालं आणि ही त्याची दवाखान्याची तिसरी खेप. या वेळी फुफ्फुसं धरली. नाकाला नळी आहे, ती उपटतो म्हणून त्याच्या दोन्ही हातांना मोजे बांधलेत. मी गोदीतली पाळी संपवून तसाच जातो. मला बघून मोज्यासकट हात हलवतो.

इथं एक डॉक्टरबाई आहेत. चष्मा डोक्यावर ठेवतात आणि शोधतात टेबलावर. त्या म्हणाल्या, "आजोबा, जो जंतू याच्या फुफ्फुसात सापडला, तो सहसा धडधाकट मुलाच्या वाटेला जात नाही. याच्या अंगातली राखण कुठंतरी तुटलीय. पण मोजणी बघावी तर सगळी बरोबर."

ती मोजणी तूच केलेली. फेब्रुवारीत तू सांगितलंस, मदतनीस टी पेशी भरपूर आहेत, घोर करू नका. मी केला नाही. तुझ्या मोजण्यावर माझा आजही विश्वास आहे. फक्त एक विचारतो. हे मदतनीस करतात काय? आमच्याकडे मदतनीस म्हणजे पाना आणून देणारा. तो एक दिवस आला नाही तरी काम थांबत नाही. मग डॉक्टरबाई दर वेळी त्यांचंच नाव का काढतात?

वहिनी ठीक आहे. मी रोज देवाचं नाव घेऊन पाळीवर जातो. मागत काही नाही, नुसतं नाव घेतो.

दादा


११ जून

दादा,

हे नाव ज्यानं ठेवलं त्याला आमच्या प्रयोगशाळेत एक दिवस बसवायला हवं. मदतनीस म्हणजे पाना देणारा नव्हे रे. तो स्वतः एक जंतू मारत नाही हे खरं, पण त्याच्यावाचून मारणाऱ्यांचं पान हलत नाही.

सोपं करून सांगते. रक्तात बी पेशी नावाच्या पेशी असतात. जंतूला चिकटून त्याला निकामी करणारे प्रतिपिंड त्या बनवतात. एखाद्या बी पेशीला जंतू सापडला की ती त्याचा एक तुकडा अंगावर मांडते आणि मदतनिसापुढे येऊन उभी राहते. मदतनीस तुकडा निरखतो. ओळख पटली तरच होकार देतो. त्या होकारानंतर बी पेशी एकीच्या हजार होतात आणि आणखी नेमके प्रतिपिंड करायला लागतात. जंतू गिळून बसणाऱ्या मोठ्या पेशी असतात, त्यांनाही पोटातला जंतू पचवायचं बळ याच्याच होकारानं येतं.

आपली शाळा आठव. एक खोली, चार इयत्ता, एक मास्तर. मास्तरांनी "ऊठ, पुढच्या रांगेत बस" म्हटल्याशिवाय पहिलीतला दुसरीत जायचा नाही, मग तो कितीही हुशार असो. प्रतिपिंडांच्याही इयत्ता असतात. पहिलीतले घाईनं तयार होतात, ढोबळ असतात. दीर्घ टिकणारे, चिवट, ते पुढच्या इयत्तांतले. रांग बदलायला सांगणारा मास्तर म्हणजे मदतनीस.

बाळाचे मास्तर मी स्वतः मोजलेत. एकोणीस वर्षं याच यंत्रावर आहे. पेशी एकेक करून प्रकाशाच्या झोतापुढून जातात, यंत्र रंग बघून जात ओळखतं. आकडा चुकलेला नाही. तेव्हा दुखणं दुसरीकडे कुठंतरी असणार. डॉक्टरबाईंकडून प्रतिपिंडांचे आकडे घेऊन कळव.

भाचीला सांग, आत्या आहे.

शेंडेफळ


१७ जून

चि. शेंडेफळ,

तुझं पत्र वाचून मी वॉर्डातच हसलो. जावईबापू म्हणाले, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, अहो, हे तर माझंच काम.

गेली चोवीस वर्षं मी गोदीत क्रेनला खुणा करतो. स्वतः एक पत्रा उचलत नाही. क्रेनवाला चाळीस मीटर वर काचेच्या खोपटात. त्याच्याकडे ताकद, पण खाली काय आहे ते त्याला धड दिसत नाही. मी खाली उभा राहून बघतो, साखळी नीट बसली का, कुणी आड आहे का, आणि मगच हात वर करून बोट फिरवतो. तो बोट बघतो आणि वीस टनांची तुळई उचलतो. आम्ही त्याला 'वरचा' म्हणतो. तो मला म्हणतो, "मी वरचा खरा, पण तुझ्या बोटाबिगर मी फक्त खुर्ची उबवतो."

आता ऐक. तीन वर्षांपूर्वी आमची सिग्नलची माणसं एकदम रजेवर गेली आणि ठेकेदारानं पाच नवी आणली. पिवळी जाकिटं घातली, शिट्ट्या गळ्यात, जागच्या जागी उभी. साहेबानं हजेरीपट बघितला, पाच पैकी पाच. तरी दुपारपर्यंत एक तुळई हलली नाही. साहेब वरच्यावर ओरडतोय, वरचा म्हणतोय खूण नाही. शेवटी कळलं की त्या पाचांना खुणा कुणी शिकवल्याच नव्हत्या. उभं राहा सांगितलं, राहिले.

प्रतिपिंडांचे आकडे सोबत जोडलेत. डॉक्टरबाईंनी बोट ठेवून दाखवलं. पहिल्या इयत्तेचे गरजेपेक्षा जास्त, पुढच्या दोन्ही इयत्तांचे जवळजवळ नाहीतच.

मी शिकलेला नाही, चुकलो तर हसून सोड. पण तू घेतलीस ती हजेरी. त्यांचा हात वर होतो का, ते कधी पाहिलंस?

दादा


२२ जून

दादा,

हसले नाही. पत्र वाचलं आणि तडक आमच्या साहेबांच्या खोलीत गेले.

होकार देणाऱ्या मदतनिसाच्या अंगावर खरोखरच एक हात येतो. प्रथिनाचा असतो. तो बी पेशीच्या अंगावरच्या मुठीत जाऊन बसतो, तेव्हाच होकार पोचतो. काही मुलगे जन्मतःच तो हात बनवू शकत नाहीत. पेशी पुऱ्या, हजेरी पुरी, हात नाही. मग प्रतिपिंड पहिलीतच बसून राहतात, तुझ्या कागदावर आहेत तसे. फेब्रुवारीत हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. माझ्याकडे संख्या मागितली होती, मी संख्या दिली. संख्येच्या पुढं जाऊन विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. हे मी माझ्यापाशी ठेवते, तू समजूत घालू नकोस.

आता काम. निवांत असलेली पेशी हात दाखवत नाही, धडधाकट माणसाचीही नाही. आम्ही तिला औषध घालून चार तास जागं करतो आणि मग बघतो. म्हणून बाळाचं रक्त पाठवा. त्याच वेळी, त्याच नर्सकडून, एका निरोगी मोठ्या माणसाचं रक्त काढून त्याच पेटीत ठेवा. त्याला आम्ही सोबती म्हणतो. सोबत्याचे हात वर आले तर प्रवासात पेशी बिघडल्या नाहीत हे कळतं. तरच बाळाच्या निकालावर विश्वास ठेवता येतो. सोबत्याला कुठलंही औषध चालू नको. कुठलंही.

आणखी एक, वहिनीला जपून विचार. तिच्या माहेरी कुणी मुलगा तान्हेपणी गेला होता का?

निकाल पक्का झाला की डॉक्टरबाई पुढचा उपाय धरतील. उपाय आहे, दादा. या पेशी हाडातल्या मगजातून येतात, जुळणाऱ्या माणसाचा मगज दिला की हातवाल्या येतात. तोवर बाळाला नवा जंतू लागायच्या आत आपल्याला पोचायचंय, इतकंच.

शेंडेफळ


२८ जून

चि. शेंडेफळ,

हे पत्र पेटीतच, बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवतोय. ओलं झालं तर वाळवून वाच.

सोबती म्हणून जावईबापू तयार झाले होते. बाही वर केली, सुई पाहिली आणि खुर्चीतून अलगद खाली बसले. नर्सताई म्हणाली, "आता यांना कोण सोबती?" मग मीच पुढं झालो. तिनं चार प्रश्न विचारले, मी चारही वेळा नाही म्हटलं. मी ठणठणीत आहे.

वहिनीला विचारलं. ती भाजी निवडत होती, हात थांबला. तिचे दोन भाऊ वर्षाच्या आत गेले, खोकल्यानं. तिनं विचारलं, "म्हणजे माझ्याकडून आलं का?" मी म्हटलं, "तुझ्याकडून पोरगी आली, तिच्याकडून नातवंडं आली. त्यातलं एक दुरुस्त करायचंय." मग ती उठली आणि माझं ताट वाढलं.

बाळ नळीशिवाय झोपला काल. पेटी गाडीवर चढेपर्यंत मी उभा होतो.

दादा


६ जुलै

दादा,

बाळाच्या पेशींनी हात दाखवला नाही. पण सोबत्याच्या पेशींनीही नीट दाखवला नाही. शंभरात ऐंशी यायला हवेत, तुझे तेवीस आले.

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका माणसाचं रक्त याच औषधावर त्याच दिवशी लावलं होतं, त्याचे ब्याऐंशी आले. म्हणजे आमचं औषध चांगलं आहे. साहेब म्हणाले, "बाई, पेटी वाटेत तापली असणार. सोबती नापास तर निकाल नापास. मी सही करणार नाही." त्यांचं बरोबर आहे. मीही केली नसती. डॉक्टरबाईंना तसं कळवलं, त्यांचंही पाऊल तिथंच थांबलंय. या निकालावर कुणी बाळाच्या हाडातला मगज बदलायचा विचार करणार नाही.

पण पेटीतला तापमापक मी स्वतः पाहिला. पेटी तापलेली नव्हती.

मग उरतं ते लिहायला हात धजत नाही. असला दोष मुलीला बापाकडूनही येऊ शकतो. क्वचित तो सौम्य असतो आणि माणूस पन्नाशीपर्यंत पोचतो. दादा, तुला वारंवार ताप येतो का? खोकला? काही लपवत असशील तर लपवू नको. मला यंत्रापुढं बसून तुझ्याच नावाच्या नळीकडं बघत राहावं लागतंय.

शेंडेफळ


९ जुलै

चि. शेंडेफळ,

मला ताप नाही, खोकला नाही. मी खोटं बोललो.

चौदा महिन्यांपासून मी गोळ्या घेतोय. माझ्या तळहातांची कातडी सुटते, भेगा पडतात, रक्त येतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मलम लावलं. मग मोज्यांखाली सुती मोजे घालायला लागलो. सिग्नलमनला मोजे असतातच, कुणाला दिसत नाही. मूठ मिटेना तेव्हा लांबच्या एका कातडीच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं गोळ्या देताना सांगितलंही होतं, "या तुमच्या टी पेशींना जरा झोपवतात, त्याच तुमच्या कातडीवर उठल्यात." मी मान हलवली होती. गोदीच्या तपासणीत हे कळलं तर मला खुणांवरून काढतील, ही एकच भीती होती. चोवीस वर्षं याच हातांवर लोकांनी डोळे लावलेत. बायकोलाही सांगितलं नाही. गोळ्या हेल्मेटच्या अस्तरात ठेवतो.

तू 'कुठलंही' हा शब्द दोनदा लिहिला होतास. मी वाचला होता. मला वाटलं, कातडीच्या गोळीचा आणि बाळाचा काय संबंध.

तुझं पत्र काल आलं. आज सकाळी डॉक्टरबाईंपुढं दोन्ही हात उघडे करून ठेवले. त्यांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही दहा दिवस घालवलात." मी म्हटलं, "होय." त्या पुढं म्हणाल्या, "गोळ्या मनानं बंद करू नका. कातडीच्या डॉक्टरांशी मी बोलते." मग वहिनीला सांगितलं. तिनं माझे हात उलटे-सुलटे करून पाहिले. "मी एवढी वर्षं तुझं ताट वाढते, आणि तू जेवतोस कुठल्या हातानं ते मला दिसू नये?" एवढंच बोलली.

नवी पेटी निघाली. या वेळी सोबती जावईबापू. डोळे मिटून पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, "झालं की सांगा." बाळाच्या आईचं आणि त्याच्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे नातीचंही रक्त आहे. नातीनं सुई टोचताना बघायचा हट्ट धरला आणि पाहिली.

दादा


१६ जुलै

दादा,

साहेबांनी सही केली.

सोबती जावईबापू, शंभरात चौऱ्याऐंशी. त्यांना माझा नमस्कार सांग, आडवे झालेले असले तरी. बाळ, शंभरात एकही नाही. त्याच्या आईच्या पेशींचे दोन सरळ ढीग पडले, निम्म्या हात दाखवतात, निम्म्या नाही. निम्म्यांवर ती आयुष्यभर धडधाकट राहिलीय, आणि तिच्या आईचंही असंच असणार. वहिनीला हे नीट समजावून सांग. तिच्या भावांना काय झालं होतं ते आज कळलं, आणि म्हणूनच नातवाच्या वेळी उपाय हाती आहे. नात, शंभरात त्र्याऐंशी. आणि तिचा मगज बाळाशी जुळतो.

तोवर तयार प्रतिपिंड दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून देतील, फुफ्फुसं राखायला रोज एक औषध. मग नातीचा मगज. त्यातून नवे मदतनीस उगवतील, हातासकट.

तुझ्यावर रागावले आहे. तुझं पत्र येईपर्यंत तुला मरणाऱ्यांत धरलं होतं. तुझ्या गोळ्यांनी मात्र काम चोख केलं, तेवीसवर आणून ठेवलं. एवढं बिनचूक औषध मी पाहिलं नाही. आता गोदीत स्वतः जाऊन सांग. दुसऱ्याकडून कळण्याआधी.

शेंडेफळ


२१ नोव्हेंबर

चि. शेंडेफळ,

झालं. मगजाची पिशवी वाटीभर सुद्धा नव्हती. मला वाटलं होतं मोठी शस्त्रक्रिया असेल. बाळाला नुसती शिरेतून लावली, थेंब थेंब, आणि तो मध्येच झोपून गेला. जुना मगज काढून टाकायला आधी दिलेल्या जहाल औषधानं केस गेलेत, डोकं गुळगुळीत. दोन दारांची खोली आहे, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मी काचेतून बघतो.

नात दुसऱ्या मजल्यावर होती. कंबरेवर पट्टी, तोंडावर मिजास. मला म्हणाली, "आजोबा, माझं आता त्याच्यात गेलं. आता त्यानं माझं ऐकायचं." मी म्हटलं, "ऐकेल." "सगळं?" "बघू." "नाही, डॉक्टरबाईंना विचारून सांगा." विचारलं. त्या म्हणाल्या, वर्षभरानं तिचेच मदतनीस त्याच्या अंगात कारभार बघतील. ते ऐकून तिनं जेवण केलं.

गोदीत मी ऑगस्टमध्येच सांगितलं. साहेबानं खुणांवरून उतरवलं आणि नव्या पोरांना खुणा शिकवायला बसवलं. वरचा खाली उतरून आला होता, त्या दिवशी. माझा हात बघून म्हणाला, "चाळीस मीटरवरून भेगा दिसत नाहीत बाबा, बोट दिसतं." गोळ्या बदलल्या आहेत. मूठ मिटते.

दादा


२४ मे

दादा,

दोन ओळी. मगज दिल्याला सहा महिने झाले, बाळाचं रक्त आज लावलं, मीच लावलं. चार तास खुर्चीवरून उठले नाही. शंभरात एकोणऐंशी. पडद्यावर ठिपके उजवीकडे, हात दाखवणाऱ्यांच्या बाजूला, सरकत गेले तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली, "ताई, तुमचा चहा गार झाला." मी म्हटलं, होऊ दे.

पुढच्या इयत्तेचे प्रतिपिंड त्याचे स्वतःचे यायला अजून वेळ आहे. येतील.

शेंडेफळ


१४ सप्टेंबर

चि. शेंडेफळ,

बाळाला सर्दी झाली होती.

नातीनं शाळेतून आणली आणि त्याला दिली. सोमवारी शिंक, मंगळवारी नाक वाहायला लागलं. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. जावईबापू तासातासाला ताप बघत आणि कागदावर लिहीत. तुझ्या भाचीनं दवाखान्याची पिशवी भरली, त्याचे कपडे, जुने कागद, बाटली, आणि दाराशी नेऊन ठेवली. डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शेवटच्या तपासणीचे आकडे मागवले, बघितले आणि म्हणाल्या, "ताप चढला, श्वास वाढला तर लगेच आणा. नाहीतर घरीच बघा." घरीच बघायचं म्हणजे काय, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आजवर बघितलं ते काचेतूनच.

बुधवारी नाक लाल, किरकिर, रात्रभर कडेवर. ताप चढला नाही. गुरुवारी त्यानं बहिणीच्या ताटातलं ओढून खाल्लं आणि तिच्या बाहीला नाक पुसलं. तिनं आईकडं तक्रार केली. आई रडायला लागली, तेव्हा ती म्हणाली, "अगं, धुतली की जाईल."

शुक्रवारी सकाळी नाक कोरडं. आम्ही काही दिलं नव्हतं. तुझी वहिनी त्याच्या छातीला कान लावून बसली, मग मला खुणेनं बोलावलं, मीही लावला. आत वारा नुसता येत होता आणि जात होता.

तुझ्या भाचीनं दाराशी जाऊन पिशवी उघडली. एकेक कपडा काढून घडी करून कपाटात ठेवला. मग रिकामी पिशवी उलटी करून झटकली आणि जावईबापूंना म्हणाली, "ही वर माळ्यावर टाका."

दादा